हाना, दूल, सेत

शाळेच्या हॉलची किल्ली माझ्या पदराले.
दुपारी खिचडी, संध्याकाळी क्लास,
मधात फरशी पुसून घेते,
तरी हळदीचा वास काही जात नाई.
टेंभुर्णे सर म्हणतात, राहू द्या मावशी,
भूक लागली की पाय वर जाते.

साडेपाचले दुधाची गाडी फाट्यावर लावून येतात ते.
शर्ट पिशवीत, पांढरा डोबोक अंगात,
अन् एकदम दुसराच माणूस.
चपला बाहेर, रांगेत, एकही उलटी नाई.
याच पोट्ट्यायच्या घरच्या चपला
मी पाह्यल्या हायेत.

आधी वाकायचं.
भिंतीवरच्या कागदी झेंड्याले, मग सरले,
मग एकमेकाले.
नळाच्या पाण्यावरून ज्या दोन घरायचं बोलणं बंद हाय
त्यायचे पोट्टेही समोरासमोर कंबरेत वाकतात,
कपाळाले कपाळ लागता लागता राह्यते.

मग मोजणं.
हाना!
आमच्या बोलीत हाना म्हणजे हाणा,
म्हणून पहिली लाथ कोणाचीच चुकत नाई.
दूल, कानातल्या डुलासारखं.
सेत.
सेत तर आमचंच, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत.
नेत म्हणजे नेट लाव.
पुढचे आकडे मात्र परके,
दासोत, योसोत, इल्गोप,
योलपर्यंत येता येता अर्ध्यायचा श्वास मागंच राह्यते.
परवापासून मी खिचडीच्या थाळ्या तशाच मोजते.
दहाच्या पुढचं येत नाई,
मग पुन्हा हाना.

लाथेचा पॅड म्हणजे जुनी गादी,
वरून खताचं पोतं, सुतळीनं मीच शिवलेलं.
दाजिबाचा खुशाल गुडघा न उचलताच पाय फेकते,
सर त्याले रोज सांगतात,
आधी दार उघड, मग बाहेर जा.
तो रोज दारावरच आदळते.

अन् लाथेसंगं ओरडायचं. पोटातून.
उर्कुड्यायची चंचल तीन महिने ओरडलीच नाई.
नाव चंचल, पोरगी दगडासारखी.
तोंड उघडायची, आवाज नाई.
सर तिले कधी रागावले नाईत,
फक्त तिच्यापुढं
दुसऱ्यायपेक्षा थोडे जास्त थांबायचे.

काल पिवळ्या पट्ट्याची परीक्षा होती.
तुटक्या बेंचाची फळी, हातभर.
धरायले मोठं माणूस पाहिजे,
अन् हॉलात मोठं माणूस म्हणजे मी.
सर म्हणाले, हात ताठ ठेवा, डोळे मिटू नका.
धरणारा भ्याला की फळी मागं सरते,
अन् दुखते ते मारणाऱ्याले.

मी डोळे मिटले नाईत.
चंचल फळीकडं पाहात नव्हती.
फळीच्या पल्याड पाहात होती, माझ्या पोटाकडं,
सर शिकवतात तसंच.
तिनं गुडघा उचलला.
दार उघडल्यासारखा.

आवाज आधी आला का फळी आधी तुटली
सांगता येत नाई मले.
पत्र्यावरच्या चिमण्या उडाल्या,
बाहेर बांधलेली कोणाची तरी बकरी उठून उभी राह्यली,
माझ्या हाती दोन तुकडे,
मनगटात मुंग्या.
खुशाल म्हणाला, बाप्पा!
अन् चंचल आपल्याच गळ्याले हात लावून पाहात होती,
तिथून आला का म्हणून.

मग पुन्हा वाकणं, चपला, कुलूप.
सरची गाडी गेली, रिकामे कॅन वाजत.

आज शाळेचा गॅस संपला.
एक तुकडा चुलीत घातला,
रंगाचा होता, धूर फार झाला,
खिचडीले वास लागला जरासा, लेकरायनं खाल्ली.
दुसरा चंचलनं कालच मागून नेला.
त्याची खिट्टी केली म्हणे,
अन् न्हाणीच्या दाराले लावली.
आतून.